रघोजी तांडेलचं निशाण

१३ ऑगस्ट ९२, नारळी पौर्णिमा

दादाला यंदा नदीपर्यंत येववलं नाही. एकटाच गेलो. खान नदीत पाणी कमी, बाकी सगळं जास्त. शेवटच्या पायरीवरून नारळ सोडला, तो गाळात रुतला, मग काठीनं ढकलला. पलीकडे कपडे धुणारी बाई म्हणाली, "बाबूजी, समंदर तो उधर है," आणि मुंबईच्या दिशेला हात केला. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच. इंदूरात नारळी पौर्णिमेला नदीवर जाणारं घर आमचं एकच असावं.

पण तांडेलांची रीत. मूळ पुरुष रघोजी, कोकण किनाऱ्यावरच्या आरमारातला तांडेल, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा मुकादम. त्यानं इंग्रजांचं जहाज लुटलं, डोलकाठीवर चढून त्यांचं निशाण दातांत धरून उतरला, सोन्याची पेटी कुठल्याशा बेटावर पुरली आणि पुढं फौजेबरोबर माळव्यात आला. एवढं आम्हा दोघा भावांना दूधभाताबरोबर भरवलेलं. ते निशाण इथं छत्रीबागेत, माझ्या देवघरात पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात बांधलेलं. दसऱ्याला घरातला थोरला पेटी उघडतो, गाठोड्याला गंध-फूल वाहतो, पेटी बंद. फडकं सोडायचं नाही. बाबांनी सोडलेलं पाहिलं नाही. दादानं तर नाहीच.

संध्याकाळी नारळीभाताचा डबा घेऊन राजेंद्र नगरला. दादा तिथं शरदकडे, म्हणजे त्याच्या मुलाकडे असतो. दोन घास खाल्ले, मग दम लागला. विचारलं, "नारळ तरंगला का रे?"

म्हटलं, तरंगला.


१७ ऑगस्ट

सकाळी रामेश्वर. मी साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, जॉबर होतो तेव्हा हा फिटर. साचा अडला की आधी देवाचं नाव, मग रामेश्वरचं. डिसेंबरात मिलचा भोंगा बंद पडला, तेव्हापासून सायकलवर सेव विकतो. ओट्यावर बसला, पाणी प्याला, म्हणाला, "अप्पाजी, झांकी निकलेगी."

कुणाच्या पैशानं, मी विचारलं. अनंत चतुर्दशीला सगळ्या मिलवाल्यांच्या झांक्या रस्त्यानं निघतात, दिव्यांचे देखावे, सगळं शहर बघायला लोटतं. पण खर्चाला मिल असायची. यंदा फाटकाला कुलूप.

"मिल बंद हुई है भिया, अपन थोड़ी बंद हुए हैं."

वर्गणी काढणार. बांबू एकाकडून, बारदान दुसऱ्याकडून. राम-कृष्ण दरवर्षी होतात, यंदा यांनी ठरवलंय जहाज. "अपने बड़े तांडेल साब वाला जहाज." दादा घडीखात्यात होता, कापडाच्या घड्या तपासायला. कँटीनमध्ये त्यानं रघोजी इतक्या वेळा सांगितला की सगळ्यांना तोंडपाठ. डोलकाठीवर आमचं खरं निशाण लावायचं म्हणतात. आणि लाऊडस्पीकरवरून सांगायची माहिती मी लिहायची, कारण मी पुस्तकं वाचतो.

"पर सच्ची-सच्ची लिखना. पढ़े-लिखे लोग भी खड़े रहते हैं रस्ते पे."

हो म्हणून बसलो. आतून सौ.: "मिल गेली तरी यांना काम मिळालंच."


२० ऑगस्ट

तुकोगंजात वाचनालयात. दोन जाडी इंग्रजी पुस्तकं, एक मराठी. माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी शिकलो ते मशीनवरच्या पाट्या आणि शब्दकोश यांच्या जिवावर. तासात चार पानं होतात. पण घाई कुणाला आहे आता.

वाचतोय तसं रघोजीचं एकेक पीस गळतंय. फळीवरून चालवून माणसाला समुद्रात ढकलणं, हे जवळजवळ सगळं गोष्टीवाल्यांचं. डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट, तेही. सोनं पुरून ठेवणं तर फारच क्वचित. चाच्यांच्या हाती लागायचं ते बहुतेक कापडाचे गठ्ठे, साखर, मिरी, औषधं, दोरखंड. लागलं की वाटून घ्यायचे आणि खाऊन-पिऊन उडवायचे. पुरायला उरतंय कुठं.

कापडाचे गठ्ठे वाचून थांबलो. ज्यासाठी भर समुद्रात डोकी फुटायची, ते आमच्या गोदामात पडून होतं आणि घेणारा नव्हता. पेपरात रोज येतं की बाजार आता खुला झाला. शरद म्हणतो, काका, जग बदलतंय. बदलू दे बाबा. मी पानं उलटतोय.


२३ ऑगस्ट

रा. नगर. दादा उशीला टेकून बसलेला, चेहऱ्यावर तरतरी.

"लिहिलंस का?"

"लिहितोय. दादा, सोन्याची पेटी काढावी लागेल."

"का? तुझ्या बापाची आहे?"

"बाप एकच आपला."

हसला, मग खोकला. पाणी दिलं. म्हणाला, "चाचे हा शब्द घालू नकोस. तो इंग्रजांनी आपल्याला चिकटवला."

खरंच आहे ते. तसं सांगितलं. किनाऱ्यावरून जायचं तर आपल्या लोकांचं दस्तक घ्यायला लागे. नसेल तर जहाज धरायचे. फिरंगीही तेच करायचे, त्यांचा परवाना नसेल तर माल जप्त. कंपनीवाले आपल्यांना चाचे म्हणत आणि त्यांच्याच राजाकडून लुटीचे परवाने घेतलेली जहाजं दुनियाभर हिंडत. नाव काय पडायचं ते दफ्तर कुणाचं यावर होतं. दादा खूश. "हे लिही. ठळक लिही."

मी म्हटलं, पण त्या जहाजांवर साधी माणसंही असायची. यात्रेला निघालेली, बायका-पोरं. त्यांना आपल्यांनी धरलं काय आणि गोऱ्या चाच्यांनी धरलं काय, त्यांच्या जिवाला सारखंच. त्यांनी काय भोगलं ते फारसं कुणी लिहिलेलं नाही.

दादा म्हणाला, "ते नको लिहू."

निघताना माझा हात धरला. "अप्पा, जन्मभर मी गाठोड्याला नमस्कार केला. निशाण कधी पाहिलं नाही. यंदा सोड ते फडकं. थोरला मी आहे, मी सांगतोय. एकदा वाऱ्यावर बघू दे. दसऱ्याला मी असेन-नसेन."

शरद फाटकापर्यंत आला. "झांकीचं कळल्यापासून उठून बसतायत. परवा स्वतः दाढी केली. डॉक्टर म्हणतात हेच औषध. काका, सांभाळून घ्या."


२५ ऑगस्ट

आज वाचलं ते खोटं वाटावं असं, आणि नेमकं तेच खरं निघालं. पश्चिमेकडच्या चाच्यांच्या जहाजांवर करारनामे असत, त्यातले काही टिकलेत. कप्तान मतं घेऊन निवडायचा. लूट वाट्यांनी. आणि लढाईत कुणाचा हात गेला, पाय गेला, डोळा गेला, तर प्रत्येकाची भरपाई आधीच लिहून ठेवलेली. ती आधी द्यायची, मग बाकीचे वाटे.

रामेश्वरला सांगितलं. त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेलेली, भरपाईचं काम अजून कोर्टात. उरलेल्या बोटांनी बिडी धरून ऐकत होता.

"मतलब डाकू लोग का सेठ अपने सेठ से अच्छा था."

"ते माणसंही मारायचे, रामेश्वर."

"हओ, वो तो है." थोड्या वेळानं: "पर लिख के तो देते थे."

हे लाऊडस्पीकरवरच्या ऐलानात घालायचं म्हणतो. घालतो.


२८ ऑगस्ट

आंघोळ करून, सोवळं नेसून पेटी काढली. सौ.नं निरांजन लावलं आणि भाजी करपेल म्हणून आत गेली. फडक्याची गाठ सुटेना, ओली करावी लागली.

आत घडी. पांढऱ्यावर तांबडे पट्टे, पट्टे विटलेले. कंपनीच्या निशाणावर तांबडे-पांढरे पट्टे होते हे परवाच वाचलेलं. हात जोडले. मग खिडकीशी नेऊन उघडलं.

नंतर जे झालं त्याला इलाज नव्हता. माझे हात त्याच धंद्यातले. कापड हातात आलं की अंगठा आपोआप किनारीवर जातो. सूत एकसारखं, कुठं जाड-बारीक नाही. हातसुताला हे जमत नाही. वीण ट्विलची, घट्ट. किनारीत दोन निळे धागे, मधे एक पांढरा सोडून.

ते दोन निळे आमच्या मिलचे. दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी स्वतः जन्मभर भरले.

गादीपाट आहे. गाद्या शिवायचा गादीपाट.

जमिनीवर बसलो. निरांजन तसंच जळत होतं.


२९ ऑगस्ट

सौ.ला सांगितलं. पोळी लाटता लाटता थांबली.

"म्हणजे लग्न होऊन आले तेव्हापासून मी गादीच्या कापडाला हळदकुंकू वाहतेय?"

मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की पोळी तव्यावर जळली. मग डोळे पुसले. "भावजींना काय सांगणार?"

ते मला माहीत असतं तर.

दुपारी तिनं आपणहून गोष्ट जुळवली. "जुनं निशाण कसरीनं खाल्लं असणार. मामंजींच्या लक्षात आलं असणार. बिचाऱ्यांनी मिलमधून तसंच पट्ट्याचं कापड आणलं आणि कुणाला कळू न देता बांधून ठेवलं. रडले असतील बांधताना."

मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं?

"कुणी कशाला सांगायला हवं?"

बाबा त्याच मिलमध्ये होते, हे खरं. कापड त्या मिलचं, हे खरं. मधलं सगळं आमच्या सैंपाकघरात पोळ्या होता होता तयार झालं. आणि मला ते खरं वाटायला लागलं, अगदी बाबांच्या रडण्यासकट. मी बाबांना रडताना कधी पाहिलेलं नाही. रघोजीचं असंच झालं असेल. कुणीतरी कुणावर तरी माया केली आणि मधली जागा भरून काढली.

जुनं निशाण होतंच का? माहीत नाही. रघोजी होता का? आडनाव तांडेल आहे. नारळाची रीत आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या घरात ती उगाच नाही येणार. पण तेवढंच.


१ सप्टें.

काल गणपती बसले. आज झांकीचं काम बघायला गेलो. मिलच्या फाटकासमोरच्या रिकाम्या जागेत ताडपत्री टाकून बसलेत. बांबूचं जहाज चांगलं उंच झालंय. बारदान ताणून बसवायला सगळं साचेखातं लोटलेलं. ताण कसा धरायचा ते यांना शिकवायला नको. कित्येक महिन्यांनी इतकी माणसं एकमेकांना शिव्या देत काम करताना पाहिली. बरं वाटलं.

पेंटरनं रघोजी रंगवलाय. एका डोळ्यावर काळी पट्टी, टोपीवर कवटी.

म्हटलं, पट्टी काढ. पुरावा नाही.

"अप्पाजी, पट्टी नहीं होगी तो पब्लिक को मालूम कैसे पड़ेगा कि डाकू है?"

"डाकू नव्हताच."

"तो फिर पब्लिक काय को देखेगी?"

बराच वेळ चाललं. शेवटी पट्टी राहिली, कवटी गेली, डोक्याला पागोटं आलं. आता तो डोळे आलेला पाटील दिसतो. असो.

रामेश्वरनं डोलकाठी दाखवली, वर कप्पी बसवलेली, दोरी ओढली की निशाण वर जाईल. "असली वाला कब ला रिये हो?" बाकीचेही थांबून बघायला लागले. आणतो म्हटलं. गादीपाटाचं सांगितलं नाही.


४ सप्टें.

शरदला ऑफिसमधून खाली बोलावून टपरीवर सांगितलं. त्यानं चहाचा ग्लास ठेवून दिला.

"काका, तुम्हाला उघडून बघायची काय गरज होती?"

"दादानंच सांगितलं."

"उघडायला सांगितलं. किनार कुणी बघायला सांगितली होती?"

अंगठा जातो.

"कुणाला कळणार आहे? पट्टे आहेत, जुनं दिसतंय. असली म्हणा आणि मोकळे व्हा. त्यांना तेवढं एक बघायचंय. मिल गेली, आई गेली, तब्येत गेली. हेही काढून घ्यायचं का?"

डोळे भरून आले होते त्याचे. रुमाल शोधायला लागला. लहानपणी पडला की असाच आधी रागवायचा.

जाताना म्हणाला, "बाबांना सांगितलंत तर माझ्याकडे येऊ नका." मग दोन पावलं परत येऊन: "म्हणजे या. पण सांगू नका."


६ सप्टें.

ऐलान लिहायला बसलो. तीनदा फाडलं.

"असली निशाण" लिहिलं की हात थांबतो. रामेश्वरला सच्ची-सच्ची हवी. सोन्याची पेटी काढताना मी कसा ताठ होतो. तेव्हा परक्यांची पुस्तकं होती, काही लागत नव्हतं.

निशाणाबद्दल काहीच न लिहिणं, हाही रस्ता आहे. पण न बोलणं म्हणजे लोकांना असली समजू देणं. मिलमधली माणसं खालून बघतील, हात जोडतील. त्यातल्या कुणाच्या तरी बापाच्या हाताखालून ते गेलेलं असायचं.

आणि दादा. त्याला फसवून खूश करायचं, की खरं सांगून… जन्मभर घडीखात्यात उभा राहिलेला माणूस. दहा ताग्यांत एक खोटा तागा नुसत्या हातानं ओळखायचा. त्याच्याशी मी हे करायचं?

सौ.: "झोपा आता. कापड पळून जात नाही."


८ सप्टें.

गेलो. शरद ऑफिसात असताना गेलो, हेही लिहून ठेवतो.

निशाण दादाच्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला पट्टे नुसते लालसर दिसत असतील. आधी कपाळाला लावलं. मग हात फिरवायला लागला, हलके, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग अंगठा किनारीकडे गेला. मला वाटलं, थांबवावं. थांबवलं नाही.

अंगठा एकदा वर, एकदा खाली. परत वर.

"गादीपाट."

"हो."

"आपला."

"हो. दोन निळे आहेत."

"कुणाच्या वेळचा?"

"बाबांच्या, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, दादा."

खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला. दादानं कापडाची घडी केली. डोळ्यांनी नीट दिसत नसताना कोनाला कोन लावून, खात्यात करायचा तशी. माझ्या हातात दिली.

"तुला उघडायला मी सांगितलं होतं. बघायला नव्हतं सांगितलं." भिंतीकडे तोंड करून निजला. मी बसून राहिलो. चहा आला, गार झाला. शेवटी उठलो तरी तो वळला नाही.


९ सप्टें.

शरदचा शेजारच्या डॉक्टरांकडे फोन. त्यांनी बोलावलं. "काल रात्री जेवले नाहीत. औषध घेतलं. बोलत नाहीत." मग फोन ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दिवसभर काही सुचलं नाही. सौ.नं साबुदाण्याची खीर करून डबा दिला, तो तिथं नेऊन दारातूनच दिला.


१० सप्टें.

सकाळी शरद स्वतः स्कूटरवर आला. ओट्यावर उभा राहूनच बोलला, "बाबांचा निरोप आहे. जसा आहे तसा सांगतो. निशाण लावायचं. लाऊडस्पीकरवर काय सांगायचं ते अप्पानं ठरवायचं. मला आधी वाचून दाखवायचं नाही."

"आणखी काही म्हणाला?"

"खुर्ची रस्त्यावर टाक म्हणाले. पहिल्या ओळीत."

"रागात म्हणाला का?"

"काका, मला नाही कळत त्यांचं. तुम्ही भाऊ आहात."

सत्तरी आलेली दोन माणसं, आणि निरोप स्कूटरवरून येतात.

ऐलान एका बैठकीत लिहिलं. मराठीत लिहिलं, रामेश्वरनं त्याचं हिंदी केलं. निशाणाच्या ओळीशी आला तेव्हा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बिडी विझवली, परत वाचलं. "दो नीले?" म्हणाला. कापड दाखवलं. त्यानंही अंगठा फिरवला. दोरीला गाठ मारायला निघून गेला.


१२ सप्टें.

काल अनंत चतुर्दशी. पाय सुजलेत, तरी आठवतंय तोवर लिहितो. जे पाहिलं तेवढंच.

आमचा नंबर पहिला, दिवे लागायच्या वेळेला निघालो. जहाजाखाली ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी आमची माणसं, धुतलेल्या शर्टांत. निशाण वर गेलं. वारा फारसा नव्हता. थोडं फडकलं, मग काठीला गुंडाळलं, मग परत सुटलं.

रामेश्वरनं माइकवर वाचलं. अशी जहाजं होती. त्यांच्यावर तांडेल होते. इंग्रज त्यांना डाकू म्हणत, कारण आपल्या पाण्यातून जायचं दस्तक हे लोक मागत. लूट दोन्हीकडून झाली, गरिबांचीही झाली. गोऱ्या चाच्यांच्या जहाजांवर हात-पाय गेला तर भरपाई लिहिलेली असे. इथं त्यानं आपला पंजा वर केला, ते मी लिहिलेलं नव्हतं. लोक हसले, मग हसणं थांबलं. आणि मग: "रघोजी तांडेल की कहानी इस मिल में बरसों कही गई. सच कितनी है, हमको नहीं पता. ऊपर जो कपड़ा है, वो समंदर से नहीं आया. वो इसी मिल का है. अपने हाथ का बुना हुआ."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कौन से सांचे का, भिया?" आमच्यातून उत्तर गेलं, "तेरे वाले का तो नहीं है, बिना झोल का है." हशा. शिट्ट्या. काही माणसांनी टोप्या काढल्या. बाकीच्या बऱ्याच लोकांना काही कळलं नसावं. ते पट्टीवाला रघोजी बघत होते. पेंटर बरोबर होता.

कोपऱ्यावर दादाची खुर्ची. अंगावर शाल, पाठीमागं शरद, शेजारी सौ. मी जहाजाच्या पलीकडच्या बाजूला होतो. नेमकं त्याच वेळी मागच्या बँडनं वाजवायला सुरुवात केली. ओळ त्याच्या कानावर गेली की नाही, सांगता येत नाही. जहाज पुढून जाताना त्याचा उजवा हात कपाळापर्यंत गेला, तिथं थोडा राहिला. मग मधे बारदान आलं. मी बाहेर येईपर्यंत हात खाली.

एवढं मी पाहिलं.

रामेश्वर म्हणतो, "बड़े साब ने सलाम ठोका, खड़े होके." दादाला उभं राहता येत नाही, मी सांगितलं. "तो बैठे-बैठे ठोका." शरद म्हणतो, दिव्याचा झोत डोळ्यांवर आला म्हणून आडवा हात धरला. सौ. म्हणते नमस्कार होता आणि ओठ हलत होते. तिला त्या बँडमध्ये ओठ काय दिसले देव जाणे. आज सकाळी पोहेवाल्याकडे एक ओळखीचा सांगत होता की म्हातारे तांडेल रडत रडत झांकीपाशी चालत गेले आणि त्यांनी जहाजाला हात लावला. मी शेजारीच उभा होतो. त्याला म्हटलं, चालत नाही गेले. म्हणाला, "अरे, मेरे सामने गए."

दादा काही बोललेला नाही. रात्री नीट झोपला एवढं शरदनं सांगितलं.


१४ सप्टें.

आज चारच्या बसनं रा. नगर. तसा निरोप धाडलाय. ये म्हणाला नाही, नको येऊ असंही म्हणाला नाही.

कापड धुतलेलं नाही, धुरकटलंय. घडी करून पिशवीत घातलंय. लाल फडकं वेगळं ठेवलंय. ते बांधायचं की नाही, दसऱ्याला पेटीत काय ठेवायचं, ते थोरल्याचं काम. माझ्या हातचं होतं ते झालं.

हात कपाळाला कशासाठी नेलास, हे विचारणार आहे. सांगेल तसं इथं उतरवीन. नाही सांगितलं तर सांगितलं नाही असं लिहीन. मधली जागा मी भरणार नाही, आणि सौ.लाही भरू देणार नाही.

ती म्हणतेय, गेल्या गेल्या विचारू नका, आधी त्यांना चहा घेऊ द्या.